बर्फ गेल्यावर जमिनीचे काय होते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला बोलायला उभे केले, याबद्दल मी कार्यकारी मंडळाची आभारी आहे. दरवर्षी या कार्यक्रमात कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर, कोणी काटकसरीवर. मी बोलणार म्हटल्यावर दिवाळीचे पदार्थ सांगणार, असे पुष्कळ जणींना वाटले असेल. पण आज माझा विषय निराळा आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या मुलखात हिमनदी मागे हटली, की तिच्याखालून निघालेल्या जमिनीचे पुढे काय होते, ते मी सांगणार आहे. हसू नका. हा विषय आपल्याच मंडळात निघाला आहे.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण जमलो होतो. तिळगूळ वाटून झाल्यावर बर्फ वितळत असल्याची गोष्ट निघाली. आपल्यापैकीच एक भगिनी म्हणाल्या, "वितळले तर वितळले. तेवढीच जमीन मोकळी झाली. गवत उगवेल, गुरे चरतील. त्यात रडायचे काय?" आपण सगळ्या हसलो आणि पानसुपारीकडे वळलो. घरी गेल्यावर मात्र माझ्या मनातून तो प्रश्न जाईना. प्रश्न खरा होता, आणि उत्तर मला येत नव्हते.

आपण राहतो त्या वास्कोत, हेडलँड सड्यावर, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बसमधून जाताना त्याची पाटी आपण रोज पाहतो. आमच्या शेजारच्या वहिनींची मुलगी तेथे काम शिकायला लागली आणि एका उन्हाळ्यात तिला उत्तर ध्रुवाकडच्या भारतीय ठाण्यावर जायची संधी मिळाली. तिच्या डब्यात मेथीचे लाडू मीच बांधून दिले होते. ती परत आल्यावर मी तिला चहाला बोलावले आणि तो प्रश्न विचारला. एका चहात उत्तर संपले नाही. पुढे महिनाभर ती रविवारी यायची, आणि मी पोळ्या लाटता लाटता विचारत राहायची. तिने कागदावर चित्रे काढून दाखवली, मोबाईलवर फोटो दाखवले. त्यातले मला समजले तेवढे आज तुम्हांला सांगते.

प्रथम जागा कोठे आहे ते पाहू. नॉर्वे देशाच्या उत्तरेला समुद्रात स्वालबार्ड नावाची बेटे आहेत. त्यांतल्या एका बेटावर नी-ऑलेसुंड नावाचे अगदी लहान गाव आहे. तेथून उत्तर ध्रुव सुमारे 1200 किलोमीटर. पूर्वी तेथे कोळशाची खाण होती. 1962 च्या नोव्हेंबरात खाणीत स्फोट होऊन 21 माणसे गेली, आणि दुसऱ्या वर्षी खाण कायमची बंद झाली. आता ते शास्त्रज्ञांचे गाव आहे. निरनिराळ्या देशांची ठाणी तेथे आहेत. आपल्या देशाची पहिली मोहीम 2007 साली गेली, आणि 1 जुलै 2008 रोजी तेथे आपले 'हिमाद्री' ठाणे सुरू झाले. 2023 च्या डिसेंबरपासून तर काळोख्या हिवाळ्यातही आपली माणसे तेथे जाऊ लागली. उन्हाळ्यात तेथे चार महिने सूर्य मावळत नाही, आणि हिवाळ्यात जवळजवळ तितकेच दिवस उगवत नाही. जुलै महिन्यात, म्हणजे भर उन्हाळ्यात, हवा पाच-सहा अंशांच्या आसपास असते.

वहिनींना काळजी वेगळीच होती. त्या गावात बिनतारी इंटरनेट चालू ठेवायला मनाई आहे, कारण तेथे आकाशातून येणारे फार क्षीण संदेश टिपणारी यंत्रे आहेत आणि त्यामुळे त्यांत अडथळा येतो. मुलगी बोलायची ती तारेच्या जोडणीवरून, ठरल्या वेळी. शिवाय गावाबाहेर पडायचे तर पांढऱ्या अस्वलाच्या भीतीने बरोबर बंदूक लागते. गावातल्या घरांना कुलूप लावत नाहीत. अस्वल आलेच तर कोणालाही जवळच्या दारात शिरता यावे, म्हणून. हे ऐकल्यापासून वहिनी रात्री दोनदा उठून देवापाशी दिवा आहे ना, ते पाहत. पण मुलगी सुखरूप आली, आणि बरोबर एवढे ज्ञान घेऊन आली.

आता हिमनदी म्हणजे काय? आपण नदी म्हणतो ती पाण्याची. तेथे वर्षानुवर्षे पडलेले हिम वितळत नाही, थरावर थर साचून त्याचा घट्ट बर्फ होतो. स्वतःच्याच भाराने तो उतारावरून हळूहळू सरकतो. जाताना डोंगर खरवडतो, दगड उपटतो, दळून त्यांचे पीठ करतो आणि सगळे पुढे लोटत नेतो. जात्यात दाणे दळले जातात तसे बर्फाखाली खडक दळले जातात. म्हणून हिमनदीतून निघणारे पाणी स्वच्छ नसते, गढूळ दुधासारखे असते.

हिमनदीचाही जमाखर्च असतो. हिवाळ्यात हिम पडते ती जमा, उन्हाळ्यात वितळते तो खर्च. नी-ऑलेसुंडजवळ मिड्रे लोव्हेनब्रेन नावाची एक लहानशी हिमनदी आहे. 1968 सालापासून तिच्या बर्फात काठ्या रोवून दरवर्षी हा जमाखर्च मांडला जातो. इतक्या वर्षांत बहुतेक प्रत्येक वर्षी खर्चच जास्त निघाला आहे. घर चालवणाऱ्या बाईला याचा अर्थ कोणी समजावून द्यायला नको. शिल्लक खाऊन संसार चालला आहे.

1900 सालाच्या सुमारास ही हिमनदी सर्वांत मोठी होती. तेव्हापासून तिचे तोंड सुमारे एक किलोमीटर मागे गेले. हिमनदी मागे जाते म्हणजे काही उलटी चालत नाही. ती पुढेच सरकत असते, पण जेवढी पुढे येते त्याहून जास्त तोंडाशी वितळते, म्हणून तिचे टोक मागे मागे दिसते. हा क्रम पूर्वीच सुरू झाला होता, पण हल्ली त्याला वेग आला आहे. कोळसा, पेट्रोल वगैरे जाळल्यामुळे सगळी पृथ्वीच तापते आहे, आणि 1979 पासूनची मोजणी पाहिली तर उत्तर ध्रुवाकडचा मुलूख बाकी जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे.

मुलीने मला एक मजेची गोष्ट सांगितली. हिमनदीच्या तोंडापासून समुद्राकडे चालू लागले, की आपण काळात चालतो. बर्फाच्या काठाची जमीन कालपरवा उघडी पडलेली. थोडे पुढे दहा वर्षांपूर्वीची. आणखी पुढे आजीच्या काळातली, आणि शेवटी पणजीच्या काळातली. म्हणजे शंभर वर्षांत एका जमिनीवर काय घडते, ते पाहायला शंभर वर्षे थांबावे लागत नाही. एका सकाळी चालत जाऊन पाहता येते. तुम्हीही मनाने माझ्याबरोबर चला.

बर्फाच्या अगदी काठाशी चिखल, रेती आणि धोंडे. सगळे ओले, सगळे करडे. मोठ्या धोंड्यांवर ओरखडे असतात, बर्फाने ओढून नेताना पडलेले. वितळलेल्या पाण्याचे दहाबारा ओहोळ वेणीच्या पेडांसारखे एकमेकांत मिसळतात, फुटतात आणि उन्हाळ्यात सारखी वाट बदलतात. आज जेथे पाऊल टाकले तेथे उद्या पाणी. मधूनमधून दगडमातीचे उंच बांध दिसतात. हिमनदीने लोटून आणलेला माल ती जेथे टाकून गेली, ते हे बांध. भूगोलात त्यांना हिमोढ म्हणतात. पुष्कळ बांधांच्या पोटात जुना बर्फ शिल्लक असतो. वरून घट्ट वाटते, पण आतला बर्फ वितळला की जमीन खचते, खड्डा पडतो, त्याचे तळे होते. म्हणजे बर्फ गेला तरी जमीन लगेच स्वस्थ बसत नाही. पुढे कित्येक वर्षे तिची हालचाल चालूच असते.

आता सांगा, या ओसाड जागी सर्वांत आधी कोण राहायला येत असेल? मी म्हटले, गवत. मुलगी हसली. आधी येतात डोळ्यांना न दिसणारे जंतू, आणि त्यांच्याबरोबर नीलहरित शेवाळ. हे शेवाळ हवेतले नत्र धरून ठेवते. आपल्याकडे भातशेतीत याच जातीच्या शेवाळाचा खत म्हणून उपयोग करतात. रेतीवर त्याची पातळ काळपट खपली धरते. दुधावरची साय जेवढी नाजूक, तेवढी ती नाजूक. पण तिने रेतीचे कण एकत्र बांधले जातात आणि ओल टिकते.

त्यानंतर कोण? झाडे नव्हेत, फुलेही नव्हेत. येतात कोळी! मला पटेना. खायला काही नाही तेथे कोळी कशाला जातील? पण या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी याच हिमनदीसमोर गुडघ्यांवर बसून, वीतवीत जमीन तपासून हे नोंदवले आहे. बारीक कोळी रेशमासारखा धागा सोडतात आणि वाऱ्यावर तरंगत येऊन पडतात. वाऱ्यानेच जवळपासच्या डबक्यांवरची चिलटे तेथे येऊन पडतात. कोळी ती चिलटे धरून खातात. खाऊन उरलेले, कोळ्यांचे मेलेले शरीर, त्यांची जाळी, हे सगळे त्या रेतीत मिसळते. ते पहिले खत. म्हणजे ज्या अंगणात अजून एक हिरवे पान नाही, तेथे शिकारी आधी येतो, आणि नकळत पुढच्यांसाठी जमीन करून जातो. झाडू घेऊन जाळी काढताना मला आता तो कोळी आठवतो. जाळी काढते मी, पण कोळ्याला बाहेर सोडते.

आणखी पुढे चालू. येथे जमीन उघडी पडून पंधरा-वीस वर्षे झाली. दोन दगडांच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशा बेचक्यात, जांभळ्या फुलांची एक उशी दिसते. ही सॅक्सिफ्रेज नावाची वनस्पती. पाने एवढीशी, जमिनीला घट्ट चिकटलेली. एक झाड येथे, दुसरे दहा पावलांवर. बाकी सगळा दगड. फोटोत जवळून पाहिले तर बाग वाटते. लांबून पाहिले तर काहीच दिसत नाही. वर्तमानपत्रात छापतात तो जवळचा फोटो.

पुढे साठ, ऐंशी, शंभर वर्षांची जमीन. येथे शेवाळे धरले आहे. दगडांवर दगडफूल आहे. होय, आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच वर्गातले. पांढऱ्या आठ पाकळ्यांचे ड्रायस नावाचे फूल आहे. आणि झाडही आहे! वाळुंजाच्या जातीचे. पण उंची किती? दोन-तीन बोटे. त्याचे खोड शेवाळात आणि मातीत पुरलेले असते, वर फक्त पाने. स्वालबार्डात उंच झाडे नाहीत. तेथे रानावनात फिरायचे तर झाडाखालून नव्हे, झाडांवरून चालावे लागते. म्हणून चालतानाही नियम आहे. वाट सोडून पाऊल टाकायचे नाही. ओल्या शेवाळ्यावर उमटलेला बूट पुष्कळ वर्षे तसाच दिसतो.

आणि एवढ्या वर्षांनंतर माती किती? खणून पाहिले तर काळसर माती जेमतेम काही सेंटिमीटर. त्याखाली पुन्हा तीच रेती नि तेच गोटे, आणि त्याखाली कायम गोठलेली जमीन. शंभर वर्षांची कमाई एवढी. जेथे पक्षी बसतात, रानहंस चरतात किंवा रेनडिअर हिंडतात, तेथे त्यांच्या विष्ठेने थोडे लवकर हिरवे होते. त्याहून जुन्या, हजारो वर्षांपूर्वी मोकळ्या झालेल्या जमिनीवर आणखी एक नवल आहे. पाणी गोठते, सुटते, पुन्हा गोठते. असे होता होता गोटे बाजूला सरतात, बारीक माती मध्ये राहते, आणि जमिनीवर दगडांची गोल गोल कडी तयार होतात. कोणीतरी बसून रांगोळी घातली आहे असे वाटते. ती घालायला कोणाचा हात लागला नाही, पण वेळ फार लागला.

आता जमिनीवरून समुद्राकडे वळू, कारण पुष्कळ हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. बर्फ मागे गेला की नकाशा बदलतो. नी-ऑलेसुंडच्या समोर पाण्यापलीकडे एक डोंगराळ जागा आहे. तिचे नाव ब्लोमस्ट्रांडहाल्वोया. हाल्वोया म्हणजे नॉर्वेच्या भाषेत द्वीपकल्प, तीन बाजूंना पाणी आणि एका बाजूला जमीन. नाव ठेवले तेव्हा ती चौथी बाजू हिमनदीने झाकलेली होती, म्हणून सगळ्यांना वाटले की खाली जमीन आहे. 1990 च्या सुमारास बर्फ मागे गेला आणि पाहतात तर खाली जमीन नव्हतीच, समुद्र होता! द्वीपकल्पाचे बेट निघाले. नाव मात्र जुनेच राहिले. उत्तर गोलार्धात 2000 ते 2020 या वीस वर्षांत समुद्राला टेकलेल्या हिमनद्या मागे गेल्यामुळे सुमारे 2466 किलोमीटर नवा किनारा उघडा पडला, अशी मोजणी 2025 साली प्रसिद्ध झाली. त्यातला दोनतृतीयांश एकट्या ग्रीनलंडचा. आपल्या महाराष्ट्राच्या सगळ्या किनाऱ्याच्या अडीच पटींहून तो जास्त भरेल. पण तो वाळूचा, नारळीचा किनारा समजू नका. ती सैल दगडमाती आहे. लाट आली की ढासळते.

बर्फ डोंगराला टेकू देत असतो, हे मला ठाऊक नव्हते. पूर्व ग्रीनलंडमध्ये डिक्सन नावाची समुद्राची एक अरुंद खाडी आहे. तेथे डोंगराच्या पायथ्याची हिमनदी वर्षानुवर्षे पातळ होत गेली. 16 सप्टेंबर 2023 रोजी वरचा कडा सुटला आणि खाली आला. खाडीत सुमारे 200 मीटर उंच लाट उठली. मग पाणी त्या अरुंद जागेत परातीतल्या पाण्यासारखे इकडून तिकडे हेलकावत राहिले. त्याचा कंप जगभरच्या भूकंपमापक यंत्रांवर नऊ दिवस उमटत होता, आणि हे काय चालले आहे, ते आधी कोणालाच कळेना. सुदैवाने त्या वेळी तेथे कोणी माणूस नव्हता.

समुद्रातल्या जीवांचेही पाहा. हिमनदी समुद्रात उतरते तेथे तिच्या तळातून गोडे पाणी सुटते आणि उसळून वर येते. येताना खोल पाण्यातले बारीक जीव वर आणते. त्यावर समुद्रपक्षी थव्याने तुटून पडतात. हिमनदी मागे मागे जाऊन जमिनीवर चढली, की हे ताट उचलले जाते. सील नावाचा प्राणी खाडीत गोठलेल्या बर्फावर हिमाची गुहा करून पिलू घालतो. नी-ऑलेसुंडच्या खाडीत 2006 पासून हिवाळी बर्फ पूर्वीसारखा धरत नाही. जमिनीवर चार फुले आली म्हणून पाण्यातल्या बाळंतिणीची खोली गेली, ती भरून निघत नाही. रेनडिअरला तरी सुख आहे का? उन्हाळ्यात चारा थोडा वाढतो. पण हिवाळ्यात आता हिमावर पाऊस पडतो, तो गोठतो, आणि चाऱ्यावर काचेसारखे झाकण बसते. खाली चारा असून तोंडाला लागत नाही.

झाकणाची आणखी एक गोष्ट सांगते आणि मग मूळ प्रश्नाकडे येते. स्वालबार्डच्या पुष्कळ हिमनद्यांच्या पुढ्यात, नव्याने उघड्या पडलेल्या जमिनीतून झरे फुटतात. शास्त्रज्ञांनी 123 झऱ्यांचे पाणी तपासले. त्यातल्या 122 झऱ्यांत मिथेन वायू ठासून भरलेला निघाला. हे 2023 साली प्रसिद्ध झाले. गोबरगॅसमध्ये असतो तोच हा वायू. खडकात तो पूर्वीपासून आहे, पण हिमनदी आणि गोठलेली जमीन त्यावर झाकणासारखी होती. झाकण सरकले, वाफ बाहेर पडू लागली. हा वायू हवा आणखी तापवतो, आणि तापलेली हवा आणखी बर्फ वितळवते.

तर भगिनींनो, संक्रांतीचा प्रश्न होता, की जमीन मोकळी झाली, त्यात वाईट काय? मुलीकडून हे सगळे ऐकत होते तेव्हा मला माझे माहेर आठवत होते. माझे माहेर चिपळूणच्या वरच्या अंगाला, डोंगरात. 2021 च्या जुलैत जो पाऊस झाला, त्यात आमच्या भाताच्या दोन दळ्यांवरची माती एका रात्रीत ओढ्याला गेली. माणसे वाचली, देवाची कृपा. सकाळी वडील जाऊन उभे राहिले, तर खाली पांढरा कातळ. मोकळीच जमीन होती ती! मोजायला गेले तर तेवढीच भरली, सातबाऱ्यावरही तेवढीच आहे. पण तिच्यात एक मूठ भात पिकत नाही. भावाने कडेला बांध घातला, पालापाचोळा आणून टाकला, शेण टाकले. आज तेथे पावसाळ्यात शेवाळे धरते आणि चारदोन गवताच्या काड्या येतात. वडील म्हणाले होते, "माझ्या आजोबांनी टोपलीटोपलीने भरलेली माती होती. मी काही परत पाहत नाही." ते खरेच झाले. ते गेल्या वर्षी गेले.

म्हणून ते फोटो पाहिले तेव्हा मला ती नुसती परदेशातली मौज वाटली नाही. आमच्याकडे निदान चार महिने पाऊस आणि भरपूर ऊन आहे, बांध घालणारा भाऊ आहे. तेथे उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा, आणि हात कोणाचाच नाही. आहेत ते कोळी, शेवाळ आणि वारा. तेथे गवत येईल का? येईल, आपापल्या क्रमाने येईल. त्या बाबतीत त्या भगिनींचे अगदीच चुकले नव्हते. पण एका उन्हाळ्यात बर्फ जेवढी जमीन सोडून जातो, तिची माती व्हायला आपल्या नातवंडांची नातवंडे यावी लागतील. आणि तोवर तेथून गेलेले बर्फाचे पाणी समुद्रात पोचलेले असेल. ग्रीनलंडसारख्या मोठ्या भूमीवरचा बर्फ जगातल्या सगळ्या समुद्रांची पातळी वाढवतो आहे, आणि सगळ्या समुद्रांत आपल्या खारीवाड्याचाही समुद्र आला. जाणे झटपट, येणे फार सावकाश, एवढे यातून मला कळले.

आपण बायका येथे बसून ती हिमनदी थांबवू शकणार नाही, हे मला कळते. मोठ्या देशांनी आणि मोठ्या कारखान्यांनी करायचे ते त्यांनी केले पाहिजे. पण आपल्या आवारात जी मूठभर माती आहे, तिची किंमत आपण ओळखू शकतो. मंडळाच्या मागच्या सड्यावर पावसाळ्यात शेवाळे आणि बारीक फुले येतात. साफसफाईच्या नावाखाली दरवर्षी आपण ती खरवडून काढतो. यंदा तेवढे करू नये, अशी माझी सूचना आहे. आणि आपल्या मुलींना भूगोल विषय रुक्ष म्हणून सोडू देऊ नये, ही दुसरी. माझी शाळा सातवीला सुटली. पण शेजारच्या मुलीने शिकून येऊन माझ्या स्वयंपाकघरात मला शिकवले, आणि मला ते समजले. यातच मला फार आनंद आहे.

ज्या भगिनींनी तो प्रश्न विचारला, त्यांचे मी मनापासून आभार मानते. त्यांनी विचारला नसता तर मीही पानसुपारी खाऊन घरी गेले असते. माझ्या बोलण्यात काही चुकले असेल तर पदरात घ्यावे. मुलगी येथे मागे बसली आहे. ज्यांना आणखी विचारायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी तिला विचारावे. वहिनींनी मात्र आता तिला पुन्हा पाठवायला नाही म्हणू नये. लाडू बांधून द्यायला मी आहे.